एक स्वल्पविराम जास्त झाला

सोलापूर,
रविवार दुपार

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे सहा कागद मिळाले. वाचनालयाच्या आवारात शहरातल्या मोठ्या माणसांचे आणि स्मारकांचे सहा फलक लावायचे, मजकूर तू लिहायचा, हे तुझ्या आजोबांकडून कळलंच होतं. "पोरगी घाबरलीय, जरा बघून दे," म्हणाले. मी काही इतिहासाचा मास्तर नाही. दुकानांच्या पाट्या, कोनशिला, समाधीवरची नावं, लग्नाच्या मांडवातलं 'सुस्वागतम्', जे येईल ते चाळीस वर्षं रंगवलं आणि कोरलं. तेव्हा माझ्याकडून मिळेल तो अक्षरं कोरणाऱ्याचा सल्ला. विद्वानांचा तू वेगळा घे.

आमचा हिशेब अक्षरावर. काना, मात्रा, वेलांटीसकट एक अक्षर, त्याचे इतके पैसे. जोडाक्षर एक धरायचं की दोन, यावर गिऱ्हाइकाशी दर वेळी वाद. त्यामुळं मजकूर हातात आला की मी आधी मोजतो आणि मग वाचतो. तुझा सिद्धरामेश्वरांचा कागद मोजला. 'थोर', 'महान', 'अलौकिक', 'युगप्रवर्तक', 'देदीप्यमान' असे शब्द दाटीवाटीनं बसलेत, आणि शेवटी, जागा उरली म्हणून असेल, 'तसेच त्यांनी तलावाचेही कार्य केले.' अगं, उलटं झालं हे. बाराव्या शतकात एका योग्यानं माणसं गोळा करून या कोरड्या मुलखात तळं खोदलं, गावाभोवती अडुसष्ट लिंगं बसवली. आजही संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज त्याच अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात. सोलापूरचे पहिले नगरसेवक तेच, असं मी थट्टेनं म्हणतो. आधी पाण्याचं काम केलं, मग गावानं डोक्यावर घेतलं. हे फलकावर लिहू नकोस, मार खाशील. पण पहिली ओळ तळ्याला दे. आणि 'देदीप्यमान' काढ. हा शब्द मी आयुष्यात तीनदा कोरलाय. तिन्ही वेळा अर्थ विचारला, तिन्ही वेळा "चांगला शब्द हाय, राहू द्या" एवढंच उत्तर आलं.

एक युक्ती सांगतो. फलकावरचं नाव हातानं झाक आणि बाकीचं वाच. कुणाबद्दल आहे ते कळलं नाही, तर मजकूर अजून झालेला नाही. तुझा इंद्रभुवनाचा कागद असा झाकून बघितला. 'दानशूर, दूरदृष्टीचे, समाजाभिमुख व्यक्तिमत्त्व'. हे वारदांचं आहे की आमच्या गल्लीतल्या पतसंस्थेच्या चेअरमनचं, कसं ओळखायचं? त्यापेक्षा सरळ लिही, की मल्लप्पा ऊर्फ अप्पासाहेब वारद या व्यापाऱ्यानं हा वाडा बांधला आणि आज तिथं महापालिका बसते. एका शेठजींच्या घराच्या पायऱ्या आता सगळं शहर अर्ज घेऊन चढतं, यात सांगण्यासारखं पुष्कळ आहे. आणि वाचणाऱ्याला मान वर करायला सांग. नक्षी वर आहे, लोक खाली मोबाइलमध्ये.

दुसऱ्या कागदावर 'सोलापूर महापालिका १८५२ पासून' असं आहे. १८५२ साली झाली ती नगरपालिका. महापालिका १ मे १९६४ची. मधली एकशे बारा वर्षं एका शब्दात गिळू नकोस, कारण ज्या दिवसाचा तुला अभिमान आहे तो त्याच वर्षांतला आहे. ६ एप्रिल १९३०. तिकडं दांडीला गांधीजींनी मीठ उचललं आणि त्याच दिवशी इथं नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा चढला. तू 'देशात सर्वप्रथम' असं ठळक लिहिलंयस. गावात सगळे तसंच सांगतात, छाती माझीही फुगते. पण 'सर्वप्रथम' म्हटलं की उद्या दुसऱ्या गावचा कुणीतरी कागद घेऊन उभा राहतो, आणि मग दगड बदलायचा खर्च कुणी करायचा? तारीख लिही. त्याखाली लिही की पुढच्या पाच आठवड्यांत याच गावात झेंडा हातात धरणं हा गुन्हा ठरला. मग 'सर्वप्रथम'ची गरज लागत नाही.

आणि शेजारी चित्र काढणार असाल तर चित्रकाराला बजाव: तो झेंडा आजचा नव्हे. १९३०च्या झेंड्यावर चरखा होता आणि पट्टे पांढरा, हिरवा, लाल. केशरी पट्टा आला १९३१ साली. हे मला रंगाच्या डब्यामुळं माहीत आहे, पुस्तकामुळं नाही. एकदा चुकीचा झेंडा रंगवून बसलो होतो, एका म्हाताऱ्या स्वातंत्र्यसैनिकानं समोर उभं राहून पुसायला लावला.

वालचंद हिराचंदांचा कागद ठीक आहे. जहाज, विमान, मोटार तिन्ही आलंय. १८८२चा सोलापूरचा जन्म तेवढा वर घे.

आता चार हुतात्म्यांचा कागद. इथं जरा बसू.

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१, येरवडा तुरुंग. एवढं तर इथलं शाळकरी पोरही सांगतं. तू पुढं 'हसत हसत फासावर गेले' लिहून संपवलंयस. हसत गेले का, ते बघायला आपण नव्हतो. काय घडलं होतं ते लिही. मे १९३०मध्ये गांधीजींना पकडलं, गाव पेटून उठलं. ८ मेला रूपाभवानीच्या देवळाच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला लोक गेले. धरपकड झाली, नाइट नावाचा कलेक्टर पोलीस घेऊन आला, गोळीबार झाला. शंकर शिवदारे नावाचा तरुण तिथं पडला. मग जमाव मंगळवार पेठेतल्या चौकीवर गेला. चौकी जळाली, पोलीस मारले गेले. ९, १० आणि ११ मे, तीन दिवस या गावावर इंग्रजाचा अंमल नव्हता. १२ तारखेला लष्करानं ताबा घेतला आणि मार्शल लॉ लागला, तो जून संपेपर्यंत. डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी माणूस अडकायचा. 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे तुरुंगात गेले. आणि पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली या चौघांवर खटला उभा राहिला.

तुझ्या कागदात पोलीस मारले गेले हे कुठंच नाही. का गाळलंस ते कळतं मला. वाटलं असेल, हुतात्म्यांच्या फलकावर हे कसं लिहायचं. पण मग फलकासमोर एखादं आठवीतलं पोरगं उभं राहून विचारणार, "फाशी कशाबद्दल दिली?" तर फलक गप्प. आणि त्या दिवशी चवताळलेल्या जमावाला शांत करायला जे धडपडत होते त्यांत धनशेट्टी होते, हे तू एका ओळीत छान लिहिलंयस. पण चौकीची गोष्ट असल्याशिवाय त्या ओळीला धार येत नाही. लोकांना आवरणाऱ्या माणसालाच खुनाच्या खटल्यात गोवलं, हा तर सगळ्या गोष्टीचा गाभा. मेलेले पोलीसही याच मातीतले होते. एक वाक्य त्यांना दे. चौघांची उंची त्यानं इंचभरही कमी होत नाही.

'सर्वधर्मसमभावाचे ज्वलंत प्रतीक' हे मात्र काढ. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. नावं एकाखाली एक मांडलीस की वाचणाऱ्याला दिसतं. सोलापूरकराला तर आडनावावरून पेठ कळते, त्याला काय सांगायचं. त्यापेक्षा कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे आणि गिरणी कामगारांत काम करायचे, हे घाल.

एकाखाली एक म्हटलं, त्याला कारण आहे. आता माझी चूक ऐक.

तीसेक वर्षं झाली. एका पेठेतल्या मंडळानं चौघांच्या नावाची कडप्प्याची पाटी सांगितली. मजकूर सिगारेटच्या पाकिटामागं लिहून आणला होता. मी खडूनं रेघा आखल्या, नावं मांडायला घेतली. 'मल्लप्पा धनशेट्टी' स्वल्पविराम. 'श्रीकिसन सारडा' स्वल्पविराम. 'जगन्नाथ शिंदे' स्वल्पविराम. दोन शब्द, एक स्वल्पविराम, अशी हाताला लय लागली, आणि त्याच लयीत 'अब्दुल रसूल'च्या पुढंही छिन्नी टेकली. पुढं 'कुर्बान हुसेन'. पांढरा ऑइल पेंट भरला, वाळला, पाटी बसली, नारळ फुटला, पेढे वाटले. वर 'चार हुतात्मे' आणि खाली माणसं पाच.

आठ दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही बघ. मंडळाच्या, पाहुण्यांच्या, माझ्या, कुणाच्याच. नवव्या दिवशी दुकानावर एक म्हातारा आला. लूमवरून सुटून आलेला, भुवयांवर सुताची कसपटं. तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाला, "पेंटर, ते पाचवं माणूस कोण हाय वो?" मी म्हटलं, "कुठलं पाचवं?" त्यानं हात पुढं करून एकेका बोटावर एकेक नाव म्हणून दाखवलं. अंगठ्यावर कुर्बान हुसेन आले आणि माझे कान गरम झाले.

नवा दगड घ्यायला मंडळाकडं पैसे नव्हते, माझ्याकडंही नव्हते. एम-सीलमध्ये काजळी मळून तो स्वल्पविराम भरला, पॉलिश पेपरनं घासला. उन्हाळ्यात दिसत नाही. पावसात दगड भिजला की काळाभोर होतो आणि भरलेला ठिपका तेवढा फिका राहतो. म्हणजे दर पावसाळ्यात तो परत उगवतो.

म्हणून सांगतो, प्रत्येक नावाला स्वतःची ओळ दे. चार माणसं, चार ओळी, स्वल्पविराम नकोच. आणि कोरायला देण्याआधी मजकूर एका माणसाकडून मोठ्यानं वाचून घे आणि दुसऱ्याला बोटं मोजायला बसव. तू स्वतः वाचू नकोस. आपण लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं.

तू लिहिलंयस की, लोक या नावांची किंमत ठेवत नाहीत, 'हुतात्मा' म्हणजे त्यांना नाटकाचं थिएटर आणि पुण्याची गाडी. एकेकाळी मलाही राग यायचा. "आज हुतात्माला नाटक आहे," "सकाळी हुतात्मानं निघतो," असं कुणी म्हटलं की टोकायचो. आता टोकत नाही. वैशंपायनांच्या स्मृतीचं मेडिकल कॉलेज 'व्ही. एम.' झालं, तसंच हे. नाव तोंडात बसलं की झिजतंच, उंबऱ्यासारखं. पण गाडीचं मला फार लागतं. आपली माणसं डबा बांधून, खिडकी पकडून ज्या पुण्याला जात आली, त्याच पुण्यात येरवडा आहे. नाव देणाऱ्याच्या मनात हे होतं की नव्हतं, कोण जाणे. तुझ्या फलकात ही एक ओळ आली तर बघ. पुढच्या वेळी स्टेशनवर कुणीतरी क्षणभर थबकेल.

कोटणीसांचा कागद वाचताना मात्र वाटलं, तू हात आखडलास. १० ऑक्टोबर १९१०ला सोलापुरात जन्मलेला मुलगा १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला जातो, युद्धातल्या जखमींवर तिथं शस्त्रक्रिया करत राहतो, बेथून रुग्णालयाचा प्रमुख होतो, तिथल्याच मुलीशी लग्न करतो आणि ९ डिसेंबर १९४२ला, बत्तिसाव्या वर्षी, तिथंच जातो. तू हे सगळं लिहिलंस आणि मुलाचं नाव गाळलंस. यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. बाप गेला तेव्हा ते पोर काही महिन्यांचं होतं. 'दोन देशांतील मैत्रीचा सेतू' ही तुझी ओळ काढ, त्या जागी हे नाव ठेव. भैय्या चौकातल्या त्यांच्या घरात महापालिकेनं स्मारक केलंय. एकदा तिथं सकाळी जाऊन तासभर बस. कोण येतं, काय बघतं, कुठं कंटाळतं, हे टिपून घे. सहा फलकांचा मजकूर कसा लिहायचा ते त्या एका तासात जास्त कळेल.

तुझ्या सहांत गिरणी कुठंच नाही, हे मला खटकलं. जुनी मिल १८७७ची. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, यांच्या भोंग्यावर हे शहर उठत होतं, जेवत होतं. कुर्बान हुसेन ज्यांच्यात वावरत होते ती माणसं आली कुठून, हे सांगायला तरी एक फलक लागेल. आणि विडी कामगार बायका? कुंभारीला त्यांची दहा हजार घरांची वसाहत झाली, २००६ साली घरं ताब्यात मिळाली. तिला नाव दिलं गोदूताई परुळेकरांचं. गोदूताई काही सोलापूरच्या नव्हेत, त्यांचं काम ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांत. पण नाव कुठं जाऊन बसलं बघ: दहा हजार बायकांच्या रेशनकार्डावर, पोरांच्या शाळेच्या दाखल्यावर. मला विचारशील तर आपल्या भागातलं मला सगळ्यात आवडतं स्मारक तेच. पुतळ्याला वर्षातून एकदा हार घालतात, पत्ता रोज लिहावा लागतो. सातवा फलक मागून बघ. नाही म्हणाले तर वाद घालू नकोस, गिरणीची दोन वाक्यं हुतात्म्यांच्या फलकात घुसव.

आता अवघड भाग. फलक तयार होत आले की कुणीतरी येणार आणि म्हणणार, "आमचं नाव जरा उठून दिसू द्या." मी असे दगड कोरलेत. 'यांच्या शुभहस्ते', 'यांच्या प्रमुख उपस्थितीत', 'यांच्या विशेष प्रयत्नांतून', 'यांच्या निधीतून'. एका बागेच्या दारातल्या दगडावर ज्याच्या नावाची बाग त्याला एक ओळ होती आणि बाकीच्यांना अकरा. मी पैसे घेतले आणि कोरलं, माझ्या तोंडून उपदेश शोभत नाही. तरी सांगतो. त्या माणसाशी भांडू नकोस. त्याच्याशिवाय चौथऱ्याला वाळू येत नाही, हे खरं आहे, आणि पदरचं मोडून खटपट करणारे नगरसेवकही मी बघितलेत. त्याला म्हण, "साहेब, तुमचा दगड स्वतंत्र करू, तुमच्या पसंतीच्या रंगाचा." मग तो बाजूच्या भिंतीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर बसव. तो खूश, फलक मोकळा. उद्घाटनाच्या फोटोत त्याला मध्ये उभं कर, त्यासाठी काही पैसे पडत नाहीत.

उद्घाटन १२ जानेवारीला करायचं म्हणतायत. नको म्हण. त्या दिवशी जिजाऊ जयंती, त्याच दिवशी विवेकानंद जयंती, वर आपली संक्रांतीची गड्ड्याची यात्रा तोंडावर. पाहुणे चार ठिकाणी हार घालत तुझ्याकडं धापा टाकत येतील आणि उभ्या उभ्या निघून जातील. ८ मेची संध्याकाळ माग. ऊन असतं, कबूल. पण त्या तारखेला गावात दुसरं काही नसतं, आणि 'आजच का?' असं कुणी विचारलं की उत्तर फलकावरच असेल.

काळा चकचकीत ग्रॅनाइट घेऊ नकोस. पश्चिमेचं ऊन आलं की वाचणाऱ्याला त्यात स्वतःचंच तोंड दिसतं. खरखरीत पृष्ठभाग घे. दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर इंचभर हवं. फलकाचा मध्य बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर यावा, मोठी माणसं वाकतील. कॉम्प्युटरवरून कोरून घेणार असशील तर छापील नमुना हातात घेऊन तपास. फॉन्ट बदलला की जोडाक्षरं फुटतात. 'हुतात्म्यांना'चे तीन तुकडे झालेले मी पाहिलेत, तेही दगडात. नावं तरी कन्नड, तेलुगू आणि उर्दूत घ्या. ती लिहून घ्यायची त्या लिपीत रोज वाचणाऱ्या माणसाकडून. आमच्याकडं अशी माणसं शोधायला चौक ओलांडावा लागत नाही.

सहाही कागदांवर मी लाल पेनानं खुणा केल्यात. खुणा जास्त झाल्यात, मनाला लावून घेऊ नकोस. तुझं अक्षर चांगलं आहे, आणि धनशेट्टींची ती एक ओळ मला लिहिता आली नसती.

पुन्हा लिहून काढलंस की ये, पण दिवस बघून ये. पाऊस पडून गेल्या गेल्या निघ आणि मला फोन कर, मी पेठेच्या तोंडाशी थांबतो. तो पाचवा माणूस तुला दाखवायचाय. उशीर करू नकोस, ऊन आलं तर कडप्पा तासाभरात वाळतो.

तुझा,
पेंटरकाका